गॅस्केटमधलं तेल गेलं कुठे: डीओपी सोडून दुसरं प्लॅस्टिसायझर शोधायचे माझे आठ महिने

फ्रिजच्या दाराचा आतला पांढरा भाग, ज्याला लायनर म्हणतात, त्याचा कापलेला एक तुकडा खोक्यात घालून ग्राहकाने परत पाठवला होता आणि त्याच्या खाचेत आमच्याच कंपाउंडचं (मऊ पीव्हीसीच्या तयार मिश्रणाचं) गॅस्केट, म्हणजे दाराच्या कडेची मऊ पट्टी, अजून बसलेलं होतं. ओढलं तर सहज निघेना, जोर लावला तेव्हा चर्र करत निघालं आणि खाली खाचेत सगळीकडे चकाकणारा ओलसर पट्टा. नख दाबून बघितलं तर नख रुतलं. लायनर हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरिनचं असतं, त्यात नख रुतायचं काही कारणच नाही. कोपऱ्यात, जिथे शीट फॉर्म करताना ताणली गेलेली असते तिथे, केसासारख्या बारीक भेगा. आणि गॅस्केट हातात घेतलं तर ते आपलं आपल्यालाच ओळखू येईना, इतकं ताठ झालेलं. कंपाउंड पाठवताना शोअर ए (मऊ वस्तूंचा कडकपणा मोजायचं माप) ७० होतं, आता मोजलं तर ७९.

म्हणजे आमचं तेल, पीव्हीसी मऊ करायला घातलेलं डीओपी नावाचं प्लॅस्टिसायझर, गॅस्केटमधून निघून लायनरमध्ये जाऊन बसलं होतं. गॅस्केट कडक झालं, लायनर मऊ झालं आणि तडकलं. हिशोब इतका सरळ होता की पहिल्या पाच मिनिटांतच कळलं काय झालंय, पण त्यावर उपाय सापडायला आठ महिने लागले, आणि मऊ पीव्हीसीत नव्याने काम करणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून ते सगळं लिहून काढतेय.

आधी थोडं मुळातलं. पीव्हीसी एकटं असलं की कडक, पाण्याच्या पाइपसारखं, ते मऊ पडायला साधारण ८० अंशाच्या वर जावं लागतं. त्यात प्लॅस्टिसायझर घातलं की हे तेल साखळ्यांच्या मधे शिरतं, साखळ्या एकमेकींना जे घट्ट धरून असतात ती पकड सैल होते, आणि जे ८० अंशाला व्हायचं ते खोलीच्या तापमानाला किंवा त्याच्याही खूप खाली व्हायला लागतं. १९२६ मध्ये वाल्डो सेमन नावाचा केमिस्ट रबर धातूला चिकटवायला काहीतरी शोधत होता, त्याने पीव्हीसी जास्त उकळणबिंदूच्या सॉल्व्हंटमध्ये गरम केलं आणि थंड झाल्यावर हाताला लवचिक गोळा लागला. आज आपण जे करतो ते त्याचंच पुढचं रूप. पण त्या गोळ्यात जे होतं तेच आजही आहे, तेल साखळीला रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं, नुसतं आत राहत असतं. आमच्या रेसिपीत १०० भाग रेझिनला, म्हणजे पीव्हीसीच्या पावडरला, ७० भाग डीओपी, २० भाग कॅल्शियम कार्बोनेट, कॅल्शियम झिंक स्टॅबिलायझर, थोडं एपॉक्सी सोयाबीन तेल, थोडं स्टिअरिक ॲसिड. सगळं धरलं तर गॅस्केटच्या वजनात ३५ टक्क्यांच्या आसपास नुसतं डीओपी. एक तृतीयांशापेक्षा जास्त वस्तू जर आत नुसती मुक्कामाला असेल तर तिला बाहेर जायला कुठली कुठली वाट आहे हे आधी बघायला हवं होतं, आणि आम्ही ते बघितलं नव्हतं. हार्डनेस जुळला, एक्स्ट्रूडरवर (लांब पट्टी काढायच्या मशिनवर) छान चाललं, कापलेला प्रोफाइल गुळगुळीत आला, पाठवून दिलं.

वाटा चार. एक, हवेत उडून जाणं, गरम जागी जास्त. दोन, तेल, साबणाचं पाणी, पेट्रोल असं काही लागत असेल तर त्यात विरघळून जाणं. तीन, शेजारी दुसरं प्लॅस्टिक, रंग किंवा लॅकर चिकटून असेल तर त्यात शिरणं. चार, पीव्हीसीला ते तेल नीट झेपतच नसेल तर पृष्ठभागावर घाम यावा तसं सुटणं. प्रत्येक वस्तूला यातली एखादीच वाट मोकळी असते आणि तीच मारते. आमची तिसरी होती. शाळेतलं पांढरं खोडरबर प्लॅस्टिकच्या पेटीत वर्षभर पडून राहिलं की पेटीच्या तळाला खड्डा पडतो आणि खोडरबर तिथे डकवल्यासारखं बसतं, बघितलंय ना सगळ्यांनी? ते खोडरबर बऱ्याचदा मऊ पीव्हीसीचं असतं आणि पेटी पॉलिस्टायरिनची. अगदी तेच आमच्या दारात झालं होतं, फरक एवढाच की दार रोज उघडतं आणि लोकांना दिसतं.

पहिला विचार सगळ्यांनी केला तोच मीही केला, की डीओपी काढून त्याच्या जागी डीओटीपी हे त्याच्या जवळचं दुसरं प्लॅस्टिसायझर घालू. त्याला अजून एक कारण होतं. युरोपमध्ये विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी जो आरओएचएस नियम आहे त्यात २०१५ च्या दुरुस्तीने चार थॅलेट (डीओपीच्या कुळातली तेलं) घातले, डीईएचपी म्हणजे आपलं डीओपीच, शिवाय बीबीपी, डीबीपी आणि डीआयबीपी, प्रत्येकी ०.१ टक्क्याची मर्यादा, आणि घरगुती उपकरणांना ते २२ जुलै २०१९ पासून लागू आहे. लहान मुलांच्या खेळण्यांवर तर तिकडे १९९९ पासूनच तात्पुरती आणि २००५ च्या कायद्याने कायमची बंधनं आली, कारण प्राण्यांवरच्या प्रयोगांत प्रजननावर परिणाम दिसले होते. आमचा ग्राहक तोपर्यंत बाहेर माल पाठवत नव्हता, आता पाठवायचा विचार करत होता, म्हणजे डीओपी कसंही जाणारच होतं. मग दोन्ही कामं एकदम होतील म्हणून डीओटीपी, ते त्या चारांत नाही.

डीओटीपी आणि डीओपी यांचं रासायनिक सूत्र एकच, रेणुभार एकच, ३९०.६. फरक एवढाच की डीओपीत दोन हात बेंझिनच्या कड्यावर शेजारी शेजारी असतात आणि डीओटीपीत समोरासमोर. एवढ्या फरकाने शरीरातलं त्याचं वागणं वेगळं होतं, आणि पीव्हीसीतलंही थोडं वेगळं होतं. ७० च्या जागी ७२ भाग घालावं लागतं, कारण एकाच हार्डनेसला यायला प्रत्येक तेलाचं प्रमाण वेगळं, डीओपी १ धरलं तर डीओटीपी १.०३, डीआयएनपी १.०६, टीओटीएम १.१७, डीओए ०.९३. हे आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून ठेवलेत, कारण नवीन माणूस हमखास ७० च्या जागी ७० च टाकतो आणि मग म्हणतो की हे तेल मऊ करत नाही.

आता टेस्ट कशी लावली ते सांगते, कारण खरं काम तिथेच झालं. ग्राहकाकडून लायनरच्याच शीटचे तुकडे मागवले, आमच्याकडच्या दुसऱ्या कुठल्या पॉलिस्टायरिनवर करून चालणार नाही असं मी आग्रहाने सांगितलं. प्रत्येक कंपाउंडची टू रोल मिलवर (दोन गरम रुळांच्या मशिनवर) १६५ अंशाला शीट काढून, प्रेस करून, त्याच्या ५० मिलिमीटरच्या गोल चकत्या कापल्या. चकती एक दिवस ठेवायची, वजन घ्यायचं मिलिग्रॅमपर्यंत, मग लायनरच्या दोन तुकड्यांच्या मधे ठेवून वर वजन ठेवायचं आणि ६० अंशाच्या ओव्हनमध्ये. तीन दिवसांनी, सात दिवसांनी, पंधरा दिवसांनी काढून चकतीचं किती कमी झालं आणि लायनरचं किती वाढलं. दोन्ही बाजू मोजायच्या, हे महत्त्वाचं, कारण नुसती चकती हलकी झाली तर तेल हवेत उडालं की लायनरमध्ये गेलं ते कळत नाही. मायग्रेशनच्या टेस्टचं आयएसओ १७७ म्हणून स्टँडर्ड आहे, मी त्याच्या धर्तीवर केलं, पण लायनर खरं, ज्यावर बसणार तेच.

यात अजून एक गोष्ट मी नंतर घातली आणि ती नसती तर फसले असते. लायनरचा एक तुकडा सपाट ठेवायचा आणि एक तुकडा वाकवून क्लिपमध्ये अडकवायचा. तेल शिरलेलं पॉलिस्टायरिन सपाट असताना काही दिवस दिसायला ठीक असतं, ताण असेल तिथेच आधी तडकतं. खोक्यातल्या तुकड्यात भेगा कोपऱ्यातच होत्या हे आठवलं म्हणून क्लिप सुचली.

पहिल्या फेरीत डीओपी, डीओटीपी, डीआयएनपी आणि सहज कुतूहल म्हणून डीओए. डीओएचं काय झालं विचारू नका, तिसऱ्याच दिवशी वाकवलेला लायनर दोन तुकडे. हे तेल थंडीत अप्रतिम, फ्रीजरमध्येही गॅस्केट रबरासारखं राहतं, म्हणूनच लोकांना मोह होतो, पण रेणू लहान आणि सरळ, जितक्या सहज आत जातो तितक्याच सहज बाहेर. डीओपी आमचं जुनं, त्याने जे खोक्यात केलं तेच ओव्हनमध्ये पंधरा दिवसांत करून दाखवलं, चकती लायनरला चिकटलेली, ओली खूण, क्लिपच्या तुकड्यावर भेगा. मला त्या दिवशी खरंच बरं वाटलं, कारण बाहेर वर्षभरात होणारी तक्रार खोलीत पंधरा दिवसांत दिसायला लागली, आता टेस्टवर विश्वास ठेवता येईल. डीआयएनपीचा रेणू जरा मोठा, ४१८ च्या आसपास, ते थोडं कमी गेलं. डीओटीपी डीओपीपेक्षा बरंच कमी गेलं, खूण फिकी, सपाट तुकडा जवळजवळ स्वच्छ. सगळे खूश झाले. क्लिपचा तुकडा काढला तर त्याच्यावर बाराव्या दिवशी एक भेग होती, भिंगाखाली दोन. मी म्हटलं नाही, हे चालणार नाही. प्रॉडक्शनमधले म्हणाले मॅडम एक भेग आहे, डीओपीला पंधरा होत्या. पण ओव्हनमध्ये बाराव्या दिवशी एक म्हणजे दारावर वर्षाच्या आसपास एक, आणि फ्रिज काय वर्षभरासाठी घेतात का लोक.

तेवढ्यात दुसरं एक प्रकरण झालं आणि महिना गेला. डीओटीपीची बॅच ग्राहकाला सॅम्पल म्हणून पाठवली होती (निदान डीओपी तरी जाईल म्हणून), त्यांनी बाहेरच्या लॅबकडून तपासून घेतली आणि रिपोर्ट आला की डीईएचपी मर्यादेच्या वर. आम्ही तर एक थेंब घातला नव्हता. सप्लायरवर संशय, ड्रम तपासले, ड्रम स्वच्छ. मग मिक्सरवर काम करणारे काका, ज्यांना त्या मशिनचा एकेक बोल्ट माहीत आहे, ते म्हणाले, ताई पाइप बघितला का? टाकीपासून मिक्सरपर्यंत तेलाची एकच लाइन, पंपासकट, आणि तीत डीओपी भरलेलं तसंच उभं. कागद घेऊन बसले. एक इंची पाइप, दहा मीटर लांब, म्हणजे आत पाच लिटर. दोनशे किलोच्या बॅचमध्ये ०.१ टक्का म्हणजे फक्त २०० ग्रॅम. आणि आम्ही नवीन तेल सोडलं तेव्हा त्याच्या पुढे पाच लिटर डीओपी आधी आत गेलं होतं, मर्यादेच्या पंचवीसपट. रंग तोच, दिसायला तेच, वास जवळजवळ तेच, डोळ्याला कळणं शक्यच नाही. आयआर मशिनवर मुख्य तेल कोणतं ते कळतं, पण ०.१ टक्क्यावर त्याचा उपयोग नाही, त्याला घटक वेगळे करून एकेक ओळखणारं जीसी-एमएस मशिनच लागतं.

मग वेगळी लाइन टाकली, वेगळा पंप, वेगळे ड्रम, मिक्सर आणि एक्स्ट्रूडर स्वच्छ रेझिनने धुऊन काढले. आणि सगळ्यात मोठा वाद झाला रिग्राइंडवर. एक्स्ट्रूजनचं जे भंगार निघतं ते दळून परत दहा टक्के घालायची पद्धत, त्यात जुनं डीओपीवालं भंगार. दहा टक्के भंगारात ३५ टक्के डीओपी, म्हणजे मालात साडेतीन टक्के. किती पोती फेकावी लागणार यावर लोक नाराज झाले, ती पोती फेकली नाहीत, जिथे डीओपी चालतं अशा जुन्या मालाला वेगळी लावली, पण त्यांच्यावर लाल रंगाने मोठी फुली मारली. प्लॅस्टिसायझर बदलायचा म्हणजे रेसिपीतली एक ओळ बदलायची असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी आपल्या लाइन आणि भंगाराची पोती बघावीत.

परत मूळ प्रश्नाकडे. लायनरमध्ये जाणार नाही असं तेल म्हणजे मोठ्या रेणूचं तेल. दोन पर्याय समोर होते. टीओटीएम, ट्रायमेलिटेट, रेणुभार ५४६.८, तीन हात असल्यामुळे बोजड, १०५ अंशाच्या वायरच्या इन्सुलेशनला हेच वापरतात कारण उडत नाही, गाडीच्या डॅशबोर्डलाही, म्हणजे काचेवर धुकं धरत नाही. आणि दुसरं पॉलिमेरिक, म्हणजे ॲडिपिक ॲसिडसारखं आम्ल आणि ग्लायकॉल जोडत जोडत केलेली छोटी पॉलिएस्टर साखळी, रेणुभार हजारांत. हे तेल नाव तेल, पण ओतायला गेलं तर एरंडेलापेक्षा दाट, ड्रम तिरका करून उभं राहावं लागतं.

पॉलिमेरिकची पहिली बॅच माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. नेहमीप्रमाणे मिक्सर चालू, रेझिन ८० अंशापर्यंत गरम, तेल सोडलं, ११० ला खाली काढायचं. एरवी या तापमानाला ड्राय ब्लेंड, म्हणजे तेल प्यायलेली पावडर, कोरडं, भुरभुरीत, मुठीत धरलं तरी बोटांमधून सांडून जाणारं असतं. हे काढलं तर ओली वाळू. मुठीत दाबलं तर गोळा झाला आणि तसाच राहिला. कूलरच्या भिंतीला थर. रेझिनच्या दाण्यांना भोकं असतात, तेल त्यातून आत झिरपतं, पण एवढं दाट तेल इतक्या वेळात झिरपतच नाही. त्या ब्लेंडची शीट काढली तर तिच्यात माशाच्या डोळ्यासारखे पारदर्शक ठिपके, म्हणजे काही दाण्यांना तेल मिळालंच नाही. काकांनी शीट उजेडासमोर धरली आणि काहीच न बोलता टेबलावर ठेवली. पुढच्या वेळी तेल आधी ७० अंशाला गरम करून पातळ केलं, एकदम न ओतता तीन हप्त्यांत सोडलं, रेझिनही जास्त सच्छिद्र ग्रेडचं घेतलं, आणि फिलर शेवटी टाकला, कारण कॅल्शियम कार्बोनेट आधी टाकलं तर तेच तेल पिऊन बसतं. ब्लेंड कोरडं आलं. बारा मिनिटं जास्त लागली, त्यावरून प्रॉडक्शनशी परत बोलणी.

मायग्रेशनला मात्र पॉलिमेरिक म्हणजे काय सांगू. पंधरा दिवस, तीस दिवस, चकती उचलली की सुटी, लायनरवर श्वास सोडला तरी खूण दिसेना, क्लिपचा तुकडा अखंड. वजनातला फरक तराजूच्या चुकीइतका. टीओटीएमही चांगलं, थोडी फिकी खूण पण तीस दिवसांनंतरही भेग नाही. मला वाटलं झालं काम.

पण गॅस्केट थंड जागी असतं. उणे २० च्या कॅबिनेटमध्ये पट्ट्या चार तास ठेवून, आतच हातमोजे घालून वाकवल्या. डीओपी वाकलं. टीओटीएम कुरकुरत वाकलं. पॉलिमेरिकची पट्टी काडीसारखी कट्ट मोडली. साहजिकच आहे, मोठा रेणू हलायला आळशी, बाहेरही जात नाही आणि आत साखळ्यांना थंडीत हलूही देत नाही. जे तेल घर सोडून जात नाही तेच थंडीत सगळ्यात आधी गोठल्यासारखं होतं, आणि जे थंडीत मजा आणतं तेच सगळ्यात आधी पळतं, हा या विषयातला कायमचा पेच आहे. सरळ साखळीच्या अल्कोहोलपासून केलेली तेलं घेतली तर तो थोडा सुटतो, पूर्ण नाही. मी पॉलिमेरिकमध्ये दहा भाग डीओए टाकून बघितलं, थंडीत पट्टी वाकली आणि लायनर तडकलं, दहा भागांनीसुद्धा. ती फेरी झाली तेव्हा मी खरंच दोन दिवस वही उघडली नाही.

मग मी एक काम केलं जे खरं तर पहिल्याच आठवड्यात करायला पाहिजे होतं, विचारलं की गॅस्केटला खरी थंडी किती लागते? ग्राहकाच्या कागदावर उणे ३० लिहिलेलं होतं, का ते त्यांनाही सांगता येईना, कुठल्या तरी जुन्या कागदावरून आलेलं. त्यांच्या परवानगीने एका फ्रिजच्या फ्रीजरच्या दारावर गॅस्केटच्या आतल्या ओठाला, मधल्या फुग्याला आणि बाहेरच्या बाजूला अशा तीन जागी थर्मोकपल (तापमान मोजायच्या तारा) चिकटवले आणि दोन दिवस नोंदी घेतल्या. आत उणे १८ असताना आतला ओठ शून्याच्या थोडा खाली, मधला भाग त्याच्या वर, बाहेरचा खोलीच्या तापमानाला. आणि चौकटीत पत्र्याच्या आतून गरम नळी फिरवलेली असते, दव धरू नये म्हणून, ती गॅस्केटच्या बरोबर मागे. म्हणजे वापरात खरी कसोटी उणे ३० ची नव्हतीच. खरी थंडी लागते ती वाहतुकीत आणि गोदामात, जिथे गॅस्केट घडी घालून खोक्यात असतं आणि हिवाळ्यात कोणीतरी ते उघडून सरळ करतं. तिथे मोडलं नाही म्हणजे पुरे. बसून बोलल्यावर त्यांनी उणे १५ ला घडी उलगडायची टेस्ट मान्य केली.

मग मिश्रण. टीओटीएम ४० भाग आणि मध्यम दाटपणाचं पॉलिमेरिक ४२ भाग. पॉलिमेरिक लायनर सांभाळतं, टीओटीएम थंडी सांभाळतं आणि वर दाट तेलाला पातळही करतं, दोन्ही एकत्र गरम करून सोडलं की ब्लेंड अगदी जुन्यासारखं कोरडं येतं. हार्डनेस ७१ आला. एक सूचना, हे मोजताना घाई करू नका. प्रेसमधून काढल्या काढल्या मोजलं तर कमी दिसतो, २४ तास २३ अंशाला ठेवून, सहा मिलिमीटर जाडीवर, सुई टेकवून पंधरा सेकंदांनी आकडा वाचायचा, आणि दरवेळी तेच. आमच्याकडे एक जण टेकवता क्षणी वाचायचा आणि दुसरा थांबून, दोघांच्या वह्यांत चार पाच पॉइंटचा फरक, आणि त्या फरकावर मी आठवडाभर तेलाचे भाग कमी जास्त करत बसले होते.

उणे १५ ला घडी उलगडली, मोडली नाही. तीस दिवसांत लायनर स्वच्छ, क्लिप स्वच्छ. शीट दुमडून लूप करून ठेवली, आतल्या बाजूला दाब येतो तिथे तेल सुटतं का ते बघायला, आठवड्याने बोट फिरवलं, कोरडी. आधी डीओटीपीच्या जास्त भागांच्या एका शीटला याच लूपमध्ये घाम आलेला बघितला होता म्हणून ही टेस्ट मी कधीच सोडत नाही, दिसायला साधी आहे, काही मशिन लागत नाही, आणि पीव्हीसीला तेल पचलंय का ते सरळ सांगते.

राहिली ती बुरशी. फ्रिजच्या गॅस्केटच्या घडीत ओल असते आणि काळे ठिपके पडतात ते आपण सगळ्यांनी पुसलेत. थॅलेट बुरशीला फारसं आवडत नाही, पण ॲडिपेट जातीची पॉलिएस्टर आणि एपॉक्सी सोयाबीन तेल या गोष्टी तिचं खाद्य होऊ शकतात. म्हणजे लायनर वाचवायला जे घातलं त्याने दुसरीकडे दार उघडलं. सोयाबीन तेल ५ वरून ३ भागांवर आणलं, त्याखाली नाही, कारण मग उष्णतेत शीट पिवळी पडते, आणि बुरशीरोधक ॲडिटिव्ह घातलं जे अन्नाजवळच्या वापराला मान्य आहे अशा यादीतलं. ओल्या डब्यात टांगलेल्या पट्ट्या चार आठवडे ठेवल्या, जुन्या पट्टीइतक्याच स्वच्छ निघाल्या.

खर्च वाढला, लपवण्यासारखं काही नाही, हे दोन्ही तेल डीओपीपेक्षा बरंच महाग आणि वर भागही जास्त लागतात. फिलर वाढवून भरून काढायची सूचना आली होती. वीसचे चाळीस करून बघितले, हार्डनेस वाढला, तो खाली आणायला परत तेल, आणि ताणून बघितलं तर कोपऱ्याच्या वेल्डवर फाटायला लागलं. वीसवरच राहिलो. एका बाजूला दुसऱ्या ग्राहकाने तेच कंपाउंड साध्या वायरच्या आवरणाला मागितलं, नवीन आहे, चांगलं आहे म्हणून, तर मी नाही म्हटलं. त्यांच्या वायरला ना पॉलिस्टायरिन लागत होतं ना थंडी, ७० अंशाची साधी वायर, तिथे डीओटीपी किंवा डीआयएनपी पुरेसं आहे, उगीच दाट तेलाचा त्रास आणि पैसा कशाला.

पहिला मोठा लॉट जाऊन आता वर्ष होत आलं. ग्राहकाकडे चालू ठेवलेल्या दोन दारांची गॅस्केट मी स्वतः ओढून बघितली, हलकेच सुटली, खाच कोरडी, कोपऱ्यात भिंग लावून बघितलं, भेग नाही, गॅस्केटचा हार्डनेस ७२. मागच्या आठवड्यात त्यांनी सांगितलं की लायनरच्या शीटचा ग्रेड बदलतोय, जास्त चकाकीचा, दुसऱ्याच कंपनीचा. तुकडे मागवले, परवा आले, चकत्या कापून वजनं घेतलीत, सपाट दोन आणि क्लिपमध्ये दोन, ओव्हन ६० वर लावलाय. पहिली नोंद सोमवारी.